छंद दोघांचा, पण थर्मास कुणी भरायचा?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, रागावू नका हं! मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, गॅसचं बुकिंग, विजेचं बिल आणि लग्नाकार्यातला आहेर, हे पाच विषय सोडले तर गेल्या आठवड्यात तुमचं आणि तुमच्या यजमानांचं काय बोलणं झालं? आठवून बघा.

बऱ्याच जणींना आठवायला वेळ लागेल. त्यात तुमचा दोष नाही आणि त्यांचाही नाही. लग्नानंतरची वर्ष-दोन वर्षं आपण जोडीनं सिनेमाला जातो, महाबळेश्वरला जातो, संध्याकाळी गजरा माळून फिरायला निघतो. मग पाळणा हलतो. शाळा, परीक्षा, दुखणीखुपणी, घराचे हप्ते यांत वीस-बावीस वर्षं कशी उडून जातात ते कळतसुद्धा नाही. एक दिवस मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी जातो, मुलगी सासरी जाते आणि जेवायला दोनच ताटं उरतात. "मीठ कमी आहे का?" "नाही, बरोबर आहे." झालं, संपलं संभाषण! पूर्वी दोघांच्या मध्ये वर्तमानपत्र असायचं, आता मोबाईल असतो, एवढाच काय तो फरक.

याला भांडण म्हणता येत नाही, म्हणून यावर कुणी उपायही करत नाही. कडाक्याचं भांडण झालं तर निदान समेट तरी होतो. हा अबोला मात्र भिंतीतल्या ओलीसारखा हळूहळू चढत जातो आणि रंग उडायला लागला की मगच दिसतो.

"दोघांनी मिळून एखादा छंद लावून घ्या," हा सल्ला तुम्ही पुष्कळदा वाचला असेल. मीही आज तोच देणार आहे. पण त्या सल्ल्यात एक खोच आहे. ती कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

छंद त्यांचा, हमाली हिची

असं एक घर डोळ्यांपुढे आणा. यजमानांना अचानक हुक्की आली, "रविवारी किल्ल्यावर जाऊ या!" छान! रविवारी पहाटे चारला गजर होतो. कुणाचा? हिचा. दशम्या करायच्या, बटाट्याची सुकी भाजी करायची, चटणी डब्यात भरायची, थर्मासात चहा ओतायचा, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, रक्तदाबाच्या गोळ्या, बसायला सतरंजी. सहा वाजता हे स्नान करून ताजेतवाने बाहेर येतात आणि विचारतात, "झालं का तुझं?"

दिवसभर ते पुढे, ही पिशवी घेऊन मागे. ते तटबंदीवर उभं राहून म्हणतात, "अगं, काय सुंदर दिसतंय बघ!" आणि ही बघत असते डब्यातलं तेल कुठे सांडलं ते. रात्री घरी आल्यावर ते पाय लांब करून पडतात आणि ही डबे घासायला मोरीत जाते. पुढच्या रविवारी ते पुन्हा विचारतात तेव्हा ही म्हणते, "तुम्ही जा, माझे गुडघे दुखतात." ते बिचारे मित्रांना सांगतात, "हिला आवडच नाही!"

आवड नसते असं नाही, मैत्रिणींनो. रविवारची सुट्टी एकाची आणि जादा पाळी दुसरीची, असा तो प्रकार असतो.

सुगरण नाव तिचं, खोपा त्याचा

यावरून मला नेहमी सुगरण पक्ष्याची आठवण होते. बाभळीला किंवा शिंदीला, बहुधा विहिरीच्या वर, तिचे लोंबते खोपे तुम्ही पाहिले असतील. बहिणाबाईंनी या खोप्याचं कौतुक केलं आणि आपण सगळ्यांनी सुगरणीला शहाणी गृहिणी ठरवून टाकलं. पण गंमत अशी, की तो खोपा ती विणतच नाही! विणतो तो नर. पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर पिवळाधमक रंग चढतो. गवताच्या, भाताच्या पातीच्या लांब चिरफळ्या चोचीनं काढून आणायच्या आणि गाठी मारत, ओवत घर गुंफायचं, हे सगळं काम त्याचं. एका खोप्यासाठी शेकडो खेपा होतात. खोपा अर्धवट झाला की माद्या बघायला येतात. आत शिरतात, इकडेतिकडे ओढून बघतात, पसंत नाही पडला तर सरळ उडून जातात. पसंत पडला तर मग तो खालची लांब नळी विणून घर पुरं करतो आणि ती आत अंडी घालते.

इथपर्यंत ऐकून तुम्ही खूश झाला असाल! पण पुढचं ऐका. अंडी घालून होतात न होतात तोच हे महाशय पलीकडच्या फांदीवर दुसरा खोपा विणायला लागतात, दुसरीसाठी! अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं ही कामं मुख्यतः तिच्यावर. म्हणजे सुगरण हे नाव तिला अगदीच चुकून मिळालं नाही म्हणायचं.

ही सगळी भानगड पहिल्यांदा नीट उलगडली ती आपल्या महाराष्ट्रातच, अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावात. आणि ती उलगडणारे गृहस्थ तिथे राहत होते ते आपल्या पत्नीसह. त्या दोघांची हकीकत मला आज तुम्हांला सांगायची आहे.

नोकरी गेली आणि...

डॉ. सलीम अली हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १८९६ साली मुंबईत जन्म, लहानपणीच आईबाप गेले, मामांनी वाढवलं. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचं तेहमिना यांच्याशी लग्न झालं. तेहमिना इंग्लंडमध्ये शिकलेल्या होत्या. लग्नानंतर दोघं ब्रह्मदेशात गेली. तिथे सलीम अलींच्या घरचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. पण नवऱ्याचं लक्ष व्यापारापेक्षा झाडांवरच्या पाखरांकडे! व्यवसाय बुडाला आणि दोघं मुंबईला परत आली.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना लोकांना प्राणिविभाग समजावून सांगण्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी ते रजा घेऊन शिकायला बर्लिनला गेले. १९३० मध्ये परत येऊन बघतात तो काय, पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली!

जरा त्या घरात स्वतःला कल्पून बघा. लग्नाला बारा वर्षं झालेली, धंदा बुडालेला, नोकरी गेलेली आणि यजमानांचं एकच वेड, पाखरं. आपण काय म्हटलं असतं? निदान मी तरी, "आता पुरे झाली ती पाखरं," असं नक्की म्हटलं असतं.

ती दोघं मुंबई सोडून किहीमला राहायला गेली. तिथे सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात सलीम अलींनी तासन्‌तास बसून खोप्यांची नोंद ठेवली. कुणाचा खोपा, कोण आली, कोण पसंत करून राहिली, मग तो कुठे गेला. सुगरणींच्या या कौटुंबिक व्यवहाराविषयीचा त्यांचा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं. नोकरी टिकली असती, तर हा पावसाळा त्यांच्या वाट्याला आला असता की नाही कोण जाणे!

त्यानंतर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. या सुरुवातीच्या पाहण्यांत तेहमिना त्यांच्याबरोबर रानावनातून हिंडल्या. शहरात वाढलेली, विलायतेत शिकलेली बाई जंगलातल्या मुक्कामांवर राहिली. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सलीम अलींचं इंग्रजी लेखन सुबक झालं त्यात तेहमिनांच्या भाषेच्या जाणकारीचा वाटा होता. म्हणजे या छंदात त्यांच्याकडे नुसती शिदोरी बांधण्याचं काम नव्हतं, त्यांचं स्वतःचं असं काही त्यात होतं. छंद दोघांचा आहे की एकाचाच, हे ओळखायची खूण हीच.

१९३९ साली एका किरकोळ म्हटल्या गेलेल्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अली तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचे होते. ते पार खचले. पुढे बहिणीच्या घरी राहून त्यांनी पुन्हा कामाला हात घातला. ज्या पुस्तकानं त्यांना घरोघर नेलं ते भारतीय पक्ष्यांचं पुस्तक १९४१ मध्ये निघालं. ते बघायला तेहमिना नव्हत्या. सलीम अली त्यानंतर १९८७ पर्यंत जगले, पद्मविभूषण झाले, जगभर मान मिळाला. पण त्यांच्या वैवाहिक आयुष्याची भटकंती मोजून वीस-एकवीस वर्षांची.

म्हणून सांगते, "रिटायर झाल्यावर बघू" हे वाक्य जरा जपून वापरावं. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी सहलीच्या साऱ्या बेतांना याच वाक्याचं कुलूप लावून ठेवलं आहे.

पैशांचं काय?

आता तुम्ही म्हणाल, "हे मोठ्यांचं झालं. आम्ही महिन्याच्या पंचवीस तारखेला डबे खरवडणारी माणसं." मग कोचीच्या विजयन आणि मोहना यांचं उदाहरण घ्या. त्यांचं छोटंसं चहाफराळाचं दुकान होतं, दोघंही तिथेच राबायची. गल्ल्यातून रोज तीनशे रुपये प्रवासासाठी बाजूला काढायची. कमी पडतील तेवढं कर्ज घ्यायचं, फिरून यायचं, पुन्हा चहा विकून कर्ज फेडायचं आणि फिटलं की पुढच्या देशाचा नकाशा उघडायचा! २००७ पासून त्यांनी अशी २६ देशांची वारी केली. शेवटचा प्रवास २०२१ मध्ये रशियाचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत विजयन गेले. पण दोघांनी मिळून पाहिलेलं जग तर कुणी काढून घेऊ शकत नाही ना?

कर्ज काढून फिरा असं मी मुळीच म्हणणार नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. पण "रोज थोडे बाजूला" हा धडा घेण्यासारखा आहे. डाळींच्या ओळीत एक रिकामा डबा ठेवा आणि रोजचे वीस रुपये त्यात टाका. वर्षाला सात हजारांवर रक्कम होते. आपल्या एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट अर्धं केलेलं आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास. तेव्हा डब्यातले पैसे वाटतात त्याहून लांब पोचतात.

सुरुवात गच्चीवरून करा

छंद कुठलाही चालेल. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे दोघं मिळून बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कवितांचं वाचन करत. त्यांचे ते कार्यक्रम अजूनही लोक आठवतात. तुम्ही रात्री जेवणानंतर एकमेकांना एखादी कथा वाचून दाखवलीत तरी छंदच झाला. पण अगदी बिनखर्चाचा हवा असेल, तर पाखरांसारखा छंद नाही. तिकीट नाही, वयाची अट नाही आणि चढण चढायची नाही.

तुमच्या गच्चीतून, गॅलरीतून किंवा परसातून सुद्धा ही मंडळी भेटतील:

तांबट: उन्हाळ्यात दुपारी कुणी तांब्याचं भांडं ठोकत असल्यासारखा "टुक्‌ टुक्‌" आवाज येतो तो याचा. अंगानं जेमतेम चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. आवाज लगेच येतो, पण शोधायला मात्र दोघांचे चार डोळे लागतात!

दयाळ: काळापांढरा, शेपटी उभारून बसणारा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे इतकं गोड गातो की गजराची गरज नाही.

शिंजीर: जास्वंदीच्या, कर्दळीच्या फुलांवर येणारा इवलासा. नर उन्हात जांभळा-निळा चमकतो.

बुलबुल: शेपटीखाली लाल ठिपका. तुमच्या वेलीतच घरटं करील.

भारद्वाज: विटकरी पंख, लाल डोळे. कुंपणातून चालत जातो आणि "ऊप ऊप" असा घुमतो.

कोकिळ: गाणारा तो काळा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि ती गात नाही. आपल्या गाण्यांतली "कोकिळा" कुठून आली ते यजमानांना विचारा, एक संध्याकाळ त्यात जाईल!

पहिले सहा महिने दुर्बीण घेऊ नका. छंद टिकला की मग घ्या. दुर्बिणीवर ८ × ४० असं काही लिहिलेलं असतं. त्यातला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. नवशिक्यांना एवढी पुष्कळ. बाहेर जाताना भडक कपडे नकोत, खाकी-हिरवट बरे. आणि घरट्याजवळ कधीही जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. आपल्या देशात ती २०१३ पासून चालू आहे. पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि नोंद पाठवायची. त्या पंधरा मिनिटांत मोबाईल एकदाचा कामाला लागतो!

सराव झाला, डब्यात पैसे साठले, की थंडीत एखादी सहल काढा. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं शंभर-एक किलोमीटरवर भिगवण आहे. उजनीच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि तिथले मच्छीमार होडीतून दाखवायला नेतात. गुलाबी थवा एकदम उडतो तेव्हा पंखांची लाल किनार दिसते, तेव्हा बोलायला शब्द राहत नाहीत. हा अबोला मात्र हवाहवासा! नाशिककडच्या मैत्रिणींना निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर जवळ आहे. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. मुंबई-पनवेलकरांना कर्नाळा आहेच.

चार नियम, फ्रिजवर लावून ठेवा

१. आलटूनपालटून. एका रविवारी बेत तुमचा आणि तयारी त्यांची. पुढच्या रविवारी उलट. बेत करणाऱ्यानं डबा करायचा नाही आणि डबा करणाऱ्याच्या डब्याला नावं ठेवायची नाहीत.

२. बाहेर पडाल तेव्हा दशम्यांचा घाट नको. केळी, चणे-दाणे, राजगिऱ्याचे लाडू. वाटेत टपरीवरचा चहा. परत येऊन घासायला एकही डबा उरता कामा नये.

३. वही एक, हस्ताक्षरं दोन. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं. त्यांनी "घार" लिहिलं आणि तुम्हांला तो शिक्रा वाटला, तर खाली तसं लिहा. खोडायचं नाही. कोण बरोबर ते पुस्तक सांगेल. मारुती चितमपल्लींचा "पक्षिकोश" वाचनालयातून आणता येईल.

४. त्या तासाभरात मुलं, पैसे आणि दोन्हीकडचे नातेवाईक हे विषय बंद.

आणि "हे" तयारच नसतील तर?

हाही प्रश्न येणार, ठाऊक आहे मला. "हे घरी सोफ्यावरून उठत नाहीत, गच्चीवर कुठले येतात?" मग आग्रह करू नका, रुसूही नका. तुम्ही एकट्या जा, किंवा शेजारणीला घेऊन जा. आठ दिवस रोज पंधरा मिनिटं. जेवताना सहज म्हणा, "आज समोरच्या पिंपळावर तांबट होता, पण मला दिसलाच नाही." एखाद्या पुरुषाला सापडत नसलेली वस्तू शोधून द्यायची संधी मिळाली, की तो उठतोच उठतो! नाहीच उठला, तर निदान तुमचा छंद तरी तुमच्याकडे राहील. त्यांच्या होकाराची वाट बघत आपलं आयुष्य अडवून ठेवू नका.

आणि उलट असेल, म्हणजे ते बोलावत असतील आणि तुम्हीच गुडघ्यांचं कारण सांगत असाल, तर एकदा स्पष्ट सांगून टाका, "मला यायचंय, पण पिशवी तुम्ही उचला, आणि डबा दोघांनी भरायचा." पुष्कळ नवऱ्यांना खरंच कळलेलं नसतं हो. पंचवीस वर्षं आपण न बोलता थर्मास भरत आलो, मग त्यांना वाटतं तो आपोआप भरतो.

येत्या रविवारी सुरुवात करा. पहाटे गजर झाला की पाच मिनिटं तशाच पडून राहा. त्यांना हाक मारा आणि म्हणा, "अहो, आज चहा तुमच्याकडे." साखर जास्त पडेल, गाळणं सापडणार नाही, दूध उतूही जाईल. जाऊ दे. तुम्ही वर जाऊन जागा धरा. दयाळ कुणासाठी थांबत नाही!